सतरावी खुंटी

१

वीसच्या वीस खुंट्या भरलेल्या होत्या, आणि तरीही एक माणूस डोंगरावर राहून गेला होता.

मंगळवारी सकाळपासून मावशींच्या डोक्यात हे एकच कोडं फिरत होतं. बसस्टँडवर तिकिटांच्या खिडक्या संपतात तिथं हरवलेल्या सामानाची खोली आहे. मावशी तिथं एकतीस वर्षं बसतात. छत्र्या, चष्मे, एकेकटे हातमोजे, एक कवळी, आणि कुणीच न्यायला न आलेली एक मोठी पत्र्याची पेटी. मावशींची श्रद्धा अशी की हरवलेली वस्तू आपल्या नजरेआड असते, देवाच्या नाही. त्यामुळे आपण फक्त धीरानं हुडकत राहायचं. खिडकीवर येणारी माणसंही नाना तऱ्हेची. एक जण स्वतःची टोपी डोक्यावर घालून तीच शोधायला आला होता. शनिवारी तर ग्रंथालयातल्या बाई येऊन विचारून गेल्या, "एखादी वस्तू फार उशिरा परत आली, तर तुम्ही घेता का हो?" मावशी म्हणाल्या, "इथं उशीर हा शब्दच नाही, बाई. आणा खुशाल." त्यावर बाई नुसत्याच हसल्या आणि निघून गेल्या.

पण आज त्या पत्र्याच्या पेटीवर मावशींची भाची बसली होती, डोळे सुजवून. डोंगरावर सरसर चढते म्हणून सगळं शहर तिला खारूताई म्हणतं. आई गेल्यापासून ती मावशींकडेच वाढली. या वसंतापासून रविवारच्या सहलीची ती गाईड होती.

शहर डोंगरांच्या पायथ्याशी. आठवडाभर कामात वाकलेली माणसं रविवारी पाठ सरळ करायला वर जातात. सहल कार्यालयाची बस त्यांना पायथ्याच्या थांब्यावर सोडते, संध्याकाळी परत आणते. बसच्या दाराशी एक लाकडी फळी, तिच्यावर वीस खुंट्या आणि वीस पितळी बिल्ले. उतरताना गाईड प्रत्येकाच्या हातात एक बिल्ला देते. परत आलं की ज्यानं त्यानं तो आपल्या नंबरच्या खुंटीला अडकवायचा. फळी भरली की बस निघाली.

"मी बघितलं होतं गं मावशी," खारूताई म्हणाली. "धुकं उतरलं होतं, सव्वापाच झाले होते. मी फळीवरून हात फिरवला. एकही खुंटी रिकामी नव्हती. म्हणून म्हटलं, चला मामा."

"आणि माणसं? माणसं मोजलीस?"

"बेकरीवाल्याच्या बायकोचा पाय मुरगळला होता. तिला धरून उतरवत होते. घड्याळजी आजोबा म्हणाले, 'तू हो पुढं, मी राहतो सगळ्यांच्या शेवटी.' सतरा नंबरचा बिल्ला त्यांच्या हातात मीच दिला होता, आणि तो खुंटीवर होता! आजोबा धुक्यात पाय घसरून घळीत पडले. रात्रभर तिथं. मग बिल्ला चालत आला का?"

सोमवारी पहाटे आजोबा सापडले, जिवंत. मांडीचं हाड मोडलेलं, अंगात ताप, शुद्ध नाही. ज्यांच्या तोंडून खरं कळायचं ते तोंडच मिटलेलं. आणि खापर फुटलं गाईडवर. घरी लवकर जायला मिळावं म्हणून बिल्ला हिनंच अडकवला, असं कार्यालयात बोललं जाऊ लागलं.

"चार वाजता समितीची बैठक आहे," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, गाईडचा बॅज घेऊन ये. ठेवून जायला."

मावशींनी घड्याळ बघितलं. साडेदहा. त्यांनी खिडकीचं दार लोटलं आणि एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा कामाच्या वेळात बाहेरून कडी घातली.

२

बस चालवणारा बसमामा डेपोत बस धूत होता. मावशींना बघून त्यानं नळ बंद केला.

"कशाला आलात ते कळलं. गेल्या महिन्यात दोनदा उशीर झाला म्हणून मला बोलणी बसली, हे खरं. म्हणून मी माणूस डोंगरावर टाकून येईन होय?"

"मी काही म्हटलं का?"

"लोक म्हणतायत. आजोबांची सून घाबरी होऊन दारात आली, तेव्हा जेवणावरून उठून हीच बस काढली मी. खारूताई पुढं कंदील घेऊन आणि मी मागं. पोरीनं घळीत उतरून त्यांना पाठीवर घेतलं, मावशी. आणि आता तिलाच..." त्यानं उगीच काच पुसली.

मावशी बसमध्ये चढल्या. चष्मा नीट केला आणि एकेक बिल्ला हातात घेऊन बघितला. गोल पितळ, ठसा मारून उमटवलेला आकडा, वर हिरवी दोरी. उन्हापावसानं सगळ्या दोऱ्या विटून राखाडी झालेल्या. फक्त सतराची दोरी हिरवीगार, जणू कालच ओवली.

"हा नवा केला का रे?"

"मला कुठलं ठाऊक? माझं तोंड रस्त्याकडं, फळी माझ्या पाठीमागं."

मावशींनी दोरी नाकाशी नेली. काहीतरी झोंबलं. ओळखीचा वास, बंद पेटीतला. त्यांनी बिल्ला रुमालात बांधून पिशवीत टाकला.

"फळीपाशी सगळ्यात शेवटी कोण होतं, मामा?"

"दाराजवळच्या सीटवर बेकरीवाला होता. तोच 'चला चला' करून माझं डोकं खात होता." मामानं आवाज खाली आणला. "परत जायची सगळ्यात जास्त घाई कुणाला होती म्हणाल, तर त्याला."

३

बेकरीत पावांची दुसरी भट्टी लागली होती. बेकरीवाला कोपरापर्यंत पिठात, आणि त्याची बायको स्टुलावर पाय ठेवून गल्ल्याशी.

"होती घाई!" बेकरीवाला म्हणाला. "सात वाजता पीठ मळलं नाही तर सोमवारी शहर काय खाणार, माझं डोकं? पण देवाशप्पथ सांगतो, मी कुणाच्या बिल्ल्याला हात लावला नाही."

"तुम्ही दाराशीच होतात. शेवटी कोण चढलं, ते तरी दिसलं असेल."

"काय दिसणार! जाताना शिंका, येताना शिंका. तोंड रुमालात. तीस वर्षं नाकात पीठ जातंय, कधी शिंकलो नाही, आणि रविवारी एकशे आठ शिंका दिल्या."

"डोंगराची हवा सोसत नाही यांना," बायको हसत म्हणाली. "हवा कसली, डांबराच्या गोळ्या हो, मावशी! थंडी पडली म्हणून ग्रंथालयातल्या बाई कोट पेटीतून काढून तसाच घालून आल्या होत्या. यांच्या शेजारी बसल्या."

"हळू बोल. चांगल्या आहेत त्या."

"वाईट कुठं म्हणते मी? वर्षानं आल्या बिचाऱ्या. गुडघे दुखत होते ना त्यांचे. आणि खारूताईचं काय हो ठरलं? माझ्या पायापायी त्या पोरीवर बालंट आलं. तिला सांगत होते, मी बसते दगडावर, तू आजोबांना बघ. ऐकलं नाही तिनं."

मावशी रस्त्यावर आल्या. कोपऱ्यावर थांबून त्यांनी रुमाल सोडला, दोरी हुंगली. तोच वास. डांबराच्या गोळ्या.

बाईंना त्या वीस वर्षं ओळखत होत्या. पुस्तकाचं पान दुमडलं तरी ज्यांच्या जिवाला लागतं, त्या बाईंनी एका म्हाताऱ्या माणसाचा बिल्ला घ्यावा? खुंटीला अडकवावा? त्याला धुक्यात सोडून गुपचूप बसमध्ये बसावं?

कशासाठी?

४

बाईंकडं जाण्याआधी मावशी घड्याळजी आजोबांच्या घरी गेल्या. कुणावर बोट रोखण्याआधी ते वळवायला जागा आहे का बघावं, अशी त्यांची रीत.

सून दवाखान्यातून नुकतीच आली होती. तिचा नवरा परगावी नोकरीला. घरात सासरे आणि ती, दोघंच. दोन खोल्या, खिडकीशी घड्याळजींचं काम करायचं टेबल, भिंतीवर चार घड्याळं, चारही एका ठोक्यावर चालणारी.

"डोळे उघडत नाहीत अजून," तिनं चहा पुढं केला. "मला रडूसुद्धा येत नाही, मावशी. घरात सारखं टिकटिक चालू असतं, त्यात त्यांचा आवाज तेवढा नाही."

"तुला कधी कळलं ते आले नाहीत म्हणून?"

"आठ वाजता. कधी गप्पा मारत रेंगाळतात, म्हणून आधी काही वाटलं नाही. पाणी प्यायला उठले आणि दाराशी ही खुंटी दिसली. त्यांच्या कोटाची. रिकामी." तिनं बोट दाखवलं. आता तिथं एक जाडजूड तपकिरी कोट वाळत होता, बाहीला चिखल. "तशीच चपला घालून धावले."

मावशी त्या खुंटीकडं बघत राहिल्या.

"बिल्ल्याबद्दल काही बोलायचे का ते?"

"बोलायचे? सतरा नंबर म्हणजे त्यांचा लाडका! त्यांनीच तर केलाय तो."

मावशींची कपबशी अर्ध्यावरच थांबली. "केलाय म्हणजे?"

"गेल्या वर्षी सगळ्यांना नव्या दोऱ्या ओवल्या आणि लगेच सतरा नंबरचा बिल्ला कुठंतरी हरवला. जुने गाईडकाका हळहळत होते. तर माझ्या सासऱ्यांनी पितळेचा तुकडा कापून नवा करून दिला. आकडे हातानं कोरले, याच टेबलावर. सात कसा वळणदार आलाय म्हणून चारदा मला दाखवला. तेव्हापासून दुसरा घेतच नाहीत."

मावशींनी सावकाश रुमाल उघडला. हिरवीगार दोरी. गोल पितळ. आणि त्यावर ठशानं उमटवलेला, बाकीच्या एकोणीस बिल्ल्यांसारखाच कोरडा, सरळसोट सतरा.

"हा नव्हे!" सून म्हणाली. "हा त्यांच्या हातचा नव्हे."

दोरी ताजी दिसली म्हणून मावशी त्याला नवा समजल्या होत्या. आता उलगडलं. ज्या बिल्ल्यानं वर्षभर ऊन बघितलं नाही, पाऊस बघितला नाही, त्याचीच दोरी हिरवी राहणार. हा हरवलेला बिल्ला होता. कुठंतरी अंधारात, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं वर्षभर पडून राहिलेला.

"पोरी, मग तुझ्या सासऱ्यांनी कोरलेला कुठं आहे?"

सून गोंधळली. "दवाखान्यातून मिळालं ते कोटाच्या खिशात तसंच आहे. किल्ली, रुमाल आणि त्यांची डबी."

"कसली डबी?"

"घड्याळजींना सवय असते ना. सुटा स्क्रू, सुटं चाक हाती आलं की लगेच डबीत, नाहीतर फरशीवर शोधत बसा. यांचं सगळंच डबीत जातं. बटण म्हणू नका, गोळी म्हणू नका. मी कधी हात लावत नाही तिला."

"आज लाव," मावशी म्हणाल्या. "मी सांगते म्हणून लाव."

सुनेनं कोटाच्या आतल्या खिशातून चपटी गोल डबी काढली. झाकण गच्च बसलं होतं. तिनं देवाचं नाव घेऊन नखानं ते उचकटलं.

५

ग्रंथालयात बाई परत आलेल्या पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत होत्या. टक, टक, टक. मावशी समोर उभ्या राहिल्या.

"बाई, शनिवारी तुम्ही एक गोष्ट विचारलीत. वस्तू फार उशिरा परत आली तर चालते का म्हणून."

शिक्का जरासा थांबला. "गंमत म्हणून विचारलं हो."

"मिळाली का तिला तिची जागा?"

बाईंनी आजूबाजूला बघितलं. मग लहान मुलीसारख्या लाजल्या. "तुमच्यापासून काय लपवायचं? शनिवारी कोट काढला तर खिशात गेल्या वर्षीचा बिल्ला! घरी घेऊन आले होते मी. तेव्हा जुने गाईड होते, ते बिल्ल्यांकडं बघत नसत, तोंडं बघत, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी दोन दिवस पुस्तक उशिरा आणलं तर मी डोळे वटारते, आणि माझ्याच पेटीत वर्षभर दुसऱ्याची वस्तू!"

"मग?"

"कुणी बघायला नको म्हणून सगळ्यांच्या शेवटी चढले. या खेपेचा चार नंबर अडकवला. बघते तर काय, बाकी फळी पूर्ण भरलेली आणि नेमकी सतराची खुंटी रिकामी. वाटलं, वर्षभर माझीच वाट बघतेय. अडकवला आणि हलकं वाटलं. खारूताई तेव्हा त्या पाय मुरगळलेल्या बाईंना सीटवर बसवत होती."

मावशींनी बाईंच्या हातावर हात ठेवला.

"बाई, घड्याळजी आजोबांच्या हातात कोणता नंबर होता, ते तुम्ही ऐकलंत का?"

"नाही. लोक म्हणतात बिल्ला फळीवर होता. तेवढंच..." बाई बोलता बोलता थांबल्या. मावशींच्या तोंडाकडं बघत राहिल्या. हातातला शिक्का टेबलावर आडवा झाला, गडगडत कडेपर्यंत गेला आणि खाली पडला. कुणीच तो उचलला नाही.

"ती रिकामी होती," बाई अगदी हळू म्हणाल्या, "कारण ते अजून यायचे होते."

"तुम्हाला कुठं माहीत होतं नवा केलाय ते? मला माहीत नव्हतं, खारूताईला नाही, साहेबांना नाही. जुने गाईड गाव सोडून गेले आणि ती गोष्ट त्यांच्याबरोबर गेली."

"मी चांगली वागायला गेले, मावशी."

"हो. तशाच वागलात."

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. "तुमचं नाव मी घेणार नाही," मावशी म्हणाल्या. "दोन बिल्ले दाखवले की पोरीवरचा ठपका निघेल. कुणी अडकवला ते सांगायला मी बांधलेली नाही."

बाईंनी डोळे पुसले, खुंटीवरचा तो भलामोठा कोट काढला आणि अंगात घातला.

"परत करायचं ते स्वतः जाऊन परत करावं," त्या म्हणाल्या. "आजवर सगळ्यांना मीच सांगत आलेय."

६

समिती म्हणजे तीन खुर्च्या आणि मधल्या खुर्चीत साहेब. टेबलावर खारूताईचा बॅज काढून ठेवलेला. मावशींनी त्याच्या शेजारी दोन बिल्ले ठेवले. एक ठशाचा, हिरव्या दोरीचा. दुसरा विटलेल्या दोरीचा, त्यावरचा सात जरा जास्तच ऐटीत वळलेला.

"साहेब, हा फळीवर होता. आणि हा आजोबांच्या खिशात, डबीमध्ये. रात्रभर घळीत त्यांच्याजवळच होता. यानं खुंटी गाठलीच नाही. त्याची खुंटी दुसऱ्याच सतरानं भरली."

"आणि ती भरली मी," दाराशी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. खोलीभर डांबराच्या गोळ्यांचा वास पसरला. त्यांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. साहेब ऐकता ऐकता चष्मा पुसायला लागले आणि पुसतच राहिले.

"म्हणजे गाईडचा दोष नाही," शेवटी ते म्हणाले.

"आहे, साहेब," खारूताई मध्येच बोलली. मावशींनी चमकून बघितलं, पण अडवलं नाही. "बिल्ला मी अडकवला नाही. पण मी खुंट्या मोजल्या, माणसं मोजली नाहीत. जुने काका तोंडं बघायचे. मला फळी बघायला सोपी वाटली. बॅज ठेवायचा असेल तर त्यासाठी ठेवा, खोटेपणासाठी नको."

साहेबांनी बॅज उचलला आणि तिच्यापुढं सरकवला. "पुढच्या रविवारपासून प्रत्येकाला हाक मारायची. ओ आली तरच बस हलणार. आणि ही फळी..."

"असू दे," मावशी म्हणाल्या. "सामानाला बिल्ले लावा. सामान ओ देत नाही."

बुधवारी दुपारी सुनेचा निरोप आला: डोळे उघडले. खारूताई धावतच निघाली, आणि तिच्या मागं धापा टाकत मावशी आणि बाई.

आजोबा उशीला टेकून होते, चेहरा सुरकुतलेल्या फळासारखा, पण डोळे हसरे. खारूताईनं त्यांचे पाय धरले आणि ती हुंदके द्यायला लागली.

"रडतेस काय, वेडाबाई?" त्यांचा आवाज घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगसारखा बारीक. "मला भीती वाटली नाही. थंडी वाटली, दुखलंही. पण भीती नाही. डबी चाचपत होतो सारखी. बिल्ला माझ्याजवळ होता ना. म्हटलं, खाली माझी खुंटी रिकामी आहे. ती कुणाला तरी दिसणार. कुणीतरी येणारच."

बाईंनी तोंडावर पदर धरला. आता यांना खरं सांगायचं तरी कसं, असं खारूताईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तिनं मावशींकडं बघितलं.

मावशींनी पलंगाच्या पलीकडं बघितलं. तिथं सून सासऱ्यांसाठी पेल्यात पाणी ओतत होती. पाणी काठावरून सांडत होतं आणि तिच्या ते लक्षातही नव्हतं. तीन दिवसांत ती आत्ता पहिल्यांदा रडत होती.

"दिसली ना, आजोबा," मावशी म्हणाल्या. "तुमची खुंटी रिकामी होती, आणि ती दिसली. हिला दिसली. आठ वाजता."